ग्रीसिंग करूनही स्टिअरिंग जड का राहतं

भाऊ, पिंपळगावहून वाशीला कांदा नेणारी तुमची सहा टायर गाडी. महिन्यापूर्वीच ग्रीसिंग केलं, तरी स्टिअरिंग जड, आणि गॅरेजवाला म्हणतोय किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्या पिनवर वळतं ती, बदला. पैसे घालण्याआधी एक आठवून बघा. ग्रीसिंग करताना पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर उचलला होता का?

बऱ्याचदा गाडी धुऊन झाली की पोरगं खाली शिरतं, प्रत्येक निपलला, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडाला, ग्रीस गनचे दोन फटके मारतं आणि बाहेर येतं. चाकं जमिनीवर असली की किंगपिन आणि तिच्याभोवतीचे बुश भाराच्या अंगाला एकमेकांवर दाबलेले असतात. ग्रीस मोकळ्या बाजूने निघून जातं आणि नेमकी झिजणारी जागा कोरडी राहते. म्हणून मागच्या चाकांना ठोकळे लावा, अ‍ॅक्सल उचला, खाली स्टँड द्या. निपल फडक्याने पुसून घ्या, नाहीतर धूळही आत जाते. मग एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवत राहायचं आणि दुसऱ्याने गन मारायची. आधी काळं, मातकट ग्रीस बाहेर येईल. नव्या रंगाचं दिसेपर्यंत हात थांबवू नका. गनच्या तोंडाशीच ग्रीस परत येत असेल तर निपल जाम आहे, सरळ बदला.

मागच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या शाफ्टच्या क्रॉसकडे, म्हणजे त्याच्या सांध्याकडे, जास्त लक्ष द्या. क्रॉसला चार कप असतात आणि चारही कपांतून ग्रीस डोकावलं पाहिजे. माझ्या गाडीचे तीन कप ग्रीस घेत होते, चौथा घेत नव्हता. त्याच्या कडेला विटकरीसारखी लाल भुकटी दिसली होती, मी ती धूळ समजून पुसली. तो कपातल्या बेअरिंगच्या कोरड्या सुयांचा गंज होता. पुढे कसारा घाटात क्रॉस तुटला आणि भरल्या गाडीसकट रात्र तिथेच काढली. अशी भुकटी दिसली की क्रॉस बदलायचा, त्याला ग्रीस पाजत बसायचं नाही.

ब्रेकचे लायनर ड्रमवर दाबणाऱ्या कॅमच्या बुशला मात्र उलटा नियम. तिथे बेताने एक-दोन फटके. जास्तीचं ग्रीस ड्रममध्ये उतरून लायनरवर गेलं तर घाटात ब्रेक धरणार नाही.

ग्रीस लिथियमचं, ईपी (जास्त दाब सोसणारं), एनएलजीआय २ (हा घट्टपणाचा नंबर) घ्या. गाडीच्या पुस्तकात वेगळं सांगितलं असेल तर तेच. मिळेल ते डबे एकत्र करू नका, काही ग्रीस एकमेकांत मिसळली की पातळ होऊन वाहून जातात. मी दर ५,००० किलोमीटरला करतो, पावसाळ्यात त्याआधीच. प्रेशरने गाडी धुतली की त्याच दिवशी, कारण पाणी सांध्यांत शिरतं.

घरच्या कारला बहुतेक निपल नसतातच. तिथे दाराच्या बिजागऱ्या बघा आणि ड्राइव्ह शाफ्टचा रबरी बूट फाटला नाही ना, एवढं तपासा.

आता किंगपिनचं. चाक उचललेलंच आहे, तर टायर वरून-खालून धरून हलवा. खेळ, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर केबिनमध्ये कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा, टाकीत हवा भरलेली हवी. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो हबच्या बेअरिंगचा. तसाच राहिला तर गॅरेजवाला बरोबर सांगतोय, किंगपिन बदलून घ्या.