भारती केंद्राभोवतीचा खडक उघडा का?

प्रश्न: अंटार्क्टिका बर्फाखाली असताना तिथल्या भारताच्या भारती या संशोधन केंद्राच्या छायाचित्रांत तपकिरी खडक दिसतो. तो भाग उबदार आहे का?

उत्तर: मुळीच नाही. प्रिड्झ उपसागराच्या काठावरच्या या लार्समन टेकड्यांवर हिवाळ्यातलं सरासरी तापमान उणे १५ अंशांच्याही खाली जातं. खडक उघडा राहतो तो जमाखर्चामुळे: बर्फ येतो कमी, जातो जास्त. आतल्या पठारावरून सरकणारा बराचसा बर्फ पूर्वेकडच्या डाल्क हिमनदीतून परस्पर समुद्रात उतरतो. वर्षभराचं हिम वितळवलं तर २५० मिलिमीटर पाणीही होणार नाही. त्यातलंही बरंच पठारावरून घसरत येणारे कोरडे वारे उडवून नेतात, आणि काही बर्फाची थेट वाफ होते. पुढचं काम खडकच करतो. ताजं हिम ८० टक्क्यांहून अधिक ऊन परतवतं, गडद खडक मात्र बहुतेक शोषून घेतो. त्यामुळे हवा शून्याखाली असतानाही खडकाला टेकलेला बर्फ पाघळतो आणि उघडा भाग वाढत जातो. ही साखळी आम्हाला या प्रदेशातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

हा किनारा १९३५ साली नॉर्वेच्या क्लारियस मिकेलसन या कप्तानाने पाहिला. मुक्कामाची ठाणी मात्र खूप उशिरा आली: ऑस्ट्रेलियाचा लॉ तळ १९८०च्या दशकात, चीनचं झोंगशान १९८९ मध्ये, भारती २०१२ मध्ये.

प्रश्न: उघडा खडक म्हणजे फिरायला सोपं, असं समजायचं का?

उत्तर: खडकावर हो, पण धोका कडेला असतो. इथे दीडशेच्या आसपास तळी आहेत. उन्हाळ्यात काठचा खडक तापतो, म्हणून तळ्याचा बर्फ आधी कडेने सुटतो. मधला थर जाड असूनही पाय काठावरच आत जातो. तेव्हा आधी काठ काठीने ठोकून पाहावा. हिमनदीवरचा रस्ता त्याहून फसवा. जानेवारी २०१७ मध्ये रशियाच्या प्रोग्रेस केंद्राजवळ डाल्क हिमनदीचा पृष्ठभाग खचला आणि ४० मीटरहून खोल खड्डा पडला: बर्फाच्या पोटात साठलेलं पाणी निघून गेल्यावर वरच्या छताला आधार उरला नव्हता. वरून त्याचा अंदाज येत नाही, म्हणून वाहन नेण्याआधी रडारने बर्फाखालची पोकळी तपासतात.

शेवाळावर आणि दगडफुलावर पाय देऊ नये, ती फार सावकाश वाढतात. स्टोर्नेस द्वीपकल्पावर दुर्मीळ बोरॉनयुक्त खनिजं आहेत. तिथे परवान्याशिवाय जाताच येत नाही.