आप्पांचं डोकं आणि आप्पांचा कॉम्प्युटर

पन्नाशीच्या आसपासची माणसं माझ्याकडे एक काळजी हमखास घेऊन येतात: "ऑफिसात सारख्या चुका होताहेत. वयानं डोकं मंदावलं का?" त्यावर आप्पांची गोष्ट सांगते. नाव-तपशील अर्थात बदललेले.

आप्पा अमळनेरकडच्या एका पतसंस्थेत क्लार्क, वय ५२. मे महिना, जळगावचा पारा ४४च्या पुढे, आणि हे भर दुपारी एसटीनं आलेले. डोक्याचा रुमाल सोडला नि म्हणाले, "ताई, आते मनं डोकंच चालत नही."

एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यात पडत होती. एकच एंट्री दोनदा होत होती. खिडकीपाशी लोक बोलायचे, घरी आप्पा बायकोवर खेकसायचे. बी-१२, थायरॉइड, झोप, सगळं डॉक्टरांनी आधीच पाहिलं होतं. (ते न पाहता मी पुढं जात नाही.)

मी म्हटलं, कुलूप उघडल्यापासून दिवस सांगा.

निम्मा दिवस तर वाट बघण्यातच निघाला. मशीन विंडोज ७वरचं; त्याचे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२०मध्येच थांबलेले. सुरू व्हायलाच पंधरा मिनिटं. एंटर दाबलं की निळं चक्र गरगरत राहायचं. आप्पा बावरून पुन्हा एंटर दाबायचे. अडकलेलं मशीन ती दाबणी साठवून ठेवतं आणि मोकळं झालं की सगळी एकदम उरकतं. दुहेरी एंट्री इथं व्हायची. तोवर पुढचा खातेदार काहीतरी विचारायचा आणि आप्पांनी डोक्यात धरलेला खातेक्रमांक निसटायचा. तिशीतल्या पोराचाही निसटला असता. चुकत होते आप्पाच, पण चुकायची जागा मशीननं करून दिली होती.

हे मी सांगून त्यांना पटलं नाही. "नाचता येईना अंगण वाकडं म्हणतील लोकं." बरोबरच होतं. म्हणून आठ दिवस वहीत टिपायला सांगितलं: एंटर कधी दाबलं, स्क्रीन कधी आली, चूक कधी झाली. चौदा चुकांपैकी अकरा चक्र फिरून थांबल्यावर लगेचच्या निघाल्या. उरलेल्या तीन आप्पांच्या, तेवढ्या त्यांनी हसत कबूल केल्या.

कॉम्प्युटर खराब आहे हे रडगाणं चेअरमननी वर्षानुवर्षं ऐकलं होतं. या वेळी आप्पांनी वहीच समोर ठेवली. नवं मशीन नाही मिळालं, पण जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवली, रॅम वाढवली. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर तसाच करकरतो. पासबुकाला तोच बरा, असं आप्पांचं मत, आणि त्यात मी बोलणारी कोण! निळं चक्र दिसलं की हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवायचा, एवढी सवय मात्र आम्ही दोन महिने घोटवली.

दिवाळीआधी भेटले. घर कसं, झोप कशी, विचारलं. ते राहिलंच बाजूला.

"अकराचा चहा," म्हणाले, "आते गरम भेटस."