अनुभवजन्य, अनुभवात्मक की अनुभवाधारित?

प्रश्न असा आहे: एका महाविद्यालयाच्या माहितीपत्रकाचं मराठी करताना ‘एक्स्पीरिएन्शियल लर्निंग’साठी (म्हणजे प्रत्यक्ष करून, अनुभवातून शिकण्यासाठी) वरच्या तिघांतला कुठला शब्द घ्यावा? शिवाय ‘कम्युनिटी-बेस्ड ग्लोबल लर्निंग’ला ‘समुदाय-आधारित वैश्विक शिक्षण’ आणि ‘लिबरल आर्ट्स कॉलेज’ला ‘उदारमतवादी कला महाविद्यालय’ चालेल का?

शेवटचं आधी उरकतो. नाही चालणार. ‘उदारमतवादी’ हे आता राजकीय विचारसरणीचं विशेषण आहे. मुळात लॅटिन शब्दात ‘स्वतंत्र’ हा अर्थ होता: गुलाम नसलेल्या नागरिकाला शोभतील अशा विद्या. मध्ययुगीन युरोपात त्या सात मोजत. व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल. आजही अशा कॉलेजात भौतिकशास्त्र आणि तत्त्वज्ञान शेजारी शेजारी शिकवतात. मराठीत ‘कला’ म्हटलं की एक तर विज्ञान नको असलेल्यांची शाखा आठवते, नाहीतर कुंचला. म्हणून ‘लिबरल आर्ट्स कॉलेज’ तसंच राहू द्या, पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडून सांगा.

आता अनुभव. ‘-जन्य’ म्हणजे ‘-पासून उपजलेलं’. ज्ञान अनुभवजन्य असू शकतं. तत्त्वज्ञानात ‘अनुभवपूर्व’च्या विरुद्ध तो शब्द रुळलेला आहे. पण शिकणं ही चालू क्रिया, ती कशातून उपजत नाही. ‘अनुभवात्मक’ म्हणजे अनुभव हेच ज्याचं स्वरूप. तसं असेल तर पावसात भिजणंही शिक्षणच! राहता राहिला ‘अनुभवाधारित’. त्यातल्या त्यात तोच बरा.

तरी एक खोच उरतेच. मराठीत अनुभव ‘येतो’ आणि अनुभव ‘घेतला’ही जातो. फसवणुकीचा अनुभव येतो, तो घेतला असं कुणी म्हणत नाही. येणारा अनुभव आपल्यावर कोसळतो, घेतलेल्यात आपला हात असतो. या शिक्षणपद्धतीचा सगळा कस या दोन क्रियापदांच्या मधल्या जागेत आहे. अमेरिकी तत्त्वज्ञ आणि शिक्षणचिंतक जॉन ड्यूईने १९३८ सालीच बजावलं होतं की खरं शिक्षण अनुभवातून होतं म्हणून प्रत्येक अनुभव शिकवतोच असं नाही, काही अनुभव पुढची वाट अडवतातही. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्बने १९८४ मध्ये मांडलेल्या चक्रातही अनुभव हा चारांतला एकच टप्पा आहे. त्याकडे मागे वळून पाहणं, त्यातून काही सूत्र बांधणं आणि ते पुन्हा करून पाहणं हे बाकीचे तीन. ते गाळले तर उरते ती सहल.

समजा, एक विद्यार्थिनी निर्वासितांना अर्ज भरायला मदत करते आहे. समोरचे गृहस्थ म्यानमारचे. अर्जात नावाचा रकाना, त्यापुढे आडनावाचा, आणि तो सक्तीचा. म्यानमारमध्ये पुष्कळांना आडनावच नसतं. ती दोनदा विचारते, ते दोनदा तेच पूर्ण नाव सांगतात, आणि शेवटी ती त्याचे तुकडे पाडून दोन्ही रकाने भरते. इथवर तिला अनुभव ‘आला’. वर्गात परतल्यावर ‘हा रकाना कुणाला गृहीत धरून आखला?’ हा प्रश्न तिने मांडला, त्यावर वाचलं, वाद घातला, की तो ‘घेतला’.

याच उदाहरणात ‘ग्लोबल’चा उलगडाही होतो. परदेशात पाऊल न ठेवता तिची जगाशी गाठ पडली. म्हणून ‘जागतिक’ म्हणा. ‘वैश्विक’ हिंदीतून हल्ली बोकाळला आहे, पण माझ्या कानाला तो अजून ग्रहताऱ्यांतला वाटतो.

सर्वांत अडचणीचा ‘समुदाय’. मराठीत तो सभेला लोटतो, नाहीतर बातमीत ‘अमुक समुदायाचे लोक’ म्हणून जातिधर्माचा आडपडदा होऊन येतो. शेजारपाजार, वस्ती, एकमेकांत गुंतलेली माणसं हा अर्थ त्यातून सहज निघत नाही. मग ‘लोकसहभागातून शिक्षण’? मलाही आधी तोच सुचला होता. पण लोकसहभागात योजना दुसऱ्याची असते आणि लोक त्यात येतात. इथे काम लोकांचं आणि विद्यार्थी त्यात येतात. दिशाच उलटी! दिशेचा हा मुद्दा बारीक नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत ‘सर्व्हिस लर्निंग’ (सेवा करता करता शिकणं) हा शब्द रुजला, पण पुढे त्यातली ‘सेवा’ अनेकांना खुपू लागली. सेवा म्हटली की देणारा वर आणि घेणारा खाली. त्या कुरबुरीतून जे पर्यायी शब्द पुढे आले, त्यांतलाच तुमचा हा ‘कम्युनिटी-बेस्ड’. तेव्हा मराठीत ‘समाजसेवेतून शिक्षण’ लिहिलंत, तर जे टाळायला नवा शब्द काढला तेच पुन्हा घरात घ्याल.

माझं मत: मथळ्यात ‘लोकांसोबत जागतिक शिक्षण’ आणि ‘अनुभवाधारित शिक्षण’ ठेवा, मजकुरात मात्र समास फोडा. ‘आमचे महाविद्यालय समुदाय-आधारित वैश्विक अनुभवात्मक शिक्षणासाठी कटिबद्ध आहे’ हे वाचून कुणालाच काही दिसत नाही. त्याऐवजी असं काही लिहून पाहा: ‘इथले विद्यार्थी स्थानिक लोकांनी ठरवलेल्या कामात त्यांच्याबरोबर उतरतात, आणि त्या कामातून जगाबद्दल पडलेले प्रश्न वर्गात घेऊन येतात.’ शब्द वाढले, हे कबूल. ‘कटिबद्ध’ मात्र गेला, तेवढी तरी जागा वाचली.