शंका-समाधान : एडिस्टोनचा बुंधा

प्रश्न : इंग्लंडमधल्या एडिस्टोन दीपगृहाचा फोटो पाहिला. शेजारी एका दगडी मनोऱ्याचा तुटका बुंधा दिसतो. जुनं दीपगृह लाटांनी पाडलं का? आणि नव्याचा पाया असा पिंपासारखा सरळसोट का? – एक वाचक

उत्तर : लाटांनी नाही, माणसांनीच उतरवलं. हा बुंधा जॉन स्मीटनच्या 1759 सालच्या मनोऱ्याचा. प्लिमथपासून वीसेक किलोमीटर दूर, भर समुद्रातल्या खडकावर तो सव्वाशे वर्षांच्या आसपास टिकला. त्याआधीची दोन दीपगृहं गेली होती: एक 1703च्या वादळात वाहून गेलं, दुसरं 1755मध्ये जळालं. स्मीटनने ग्रॅनाइटचे दगड खाचा पाडून एकमेकांत अडकवले आणि पाण्यातही घट्ट होणारा चुना वापरला. त्यामुळे बांधकाम शाबूत राहिलं, पण लाटांनी त्याखालचा खडक पोखरला आणि मोठ्या लाटेसरशी मनोरा हलू लागला. मी नोकरीभर बंदरांचे धक्केच बांधले, त्यामुळे ही तक्रार मला ओळखीची वाटते. वरचं काम कितीही चोख करा, बूड दगा देतं.

मग ट्रिनिटी हाउस या दीपगृहं सांभाळणाऱ्या संस्थेने आपला मुख्य अभियंता जेम्स डग्लस याला पाठवलं. त्याने जवळच, सुमारे 120 फुटांवर, भक्कम खडक निवडला. अडचण अशी, की ही जागा सखल होती आणि भरतीत पाण्याखाली जायची. म्हणून आधी विटा-सिमेंटची गोल भिंत घातली, आतलं पाणी उपसलं आणि मग पाया धरला. दगड किनाऱ्यावरच्या आवारात घडवून, एकमेकांत बसतात ना हे पाहून मगच बोटीने नेले जात. खाचा आता फक्त बाजूच्या दगडांत नव्हत्या, वरच्या-खालच्या थरांतही होत्या. 1879मध्ये पायाभरणी झाली आणि 18 मे 1882 रोजी दिवा लागला. त्याच वर्षी डग्लसला ‘सर’ किताब मिळाला.

आता तुमच्या पिंपाकडे. स्मीटनने मनोऱ्याला ओकच्या खोडासारखा खाली फुगीर, वर निमुळता आकार दिला होता. दिसायला देखणा, पण त्या उतारावरून लाट सरसर वर चढे आणि फवाऱ्याने दिवाच झाकून जाई. डग्लसने तळाशी 44 फूट व्यासाचा, 22 फूट उंच सरळ दंडगोल बांधला. लाट त्यावर आपटून तिथेच फुटते. शिवाय त्याच्या माथ्यावर बोटीतून उतरायला ऐसपैस जागा मिळाली. मला विचाराल तर रूपात स्मीटन सरस, पण डोकं डग्लसचं.

जुन्या मनोऱ्याचा वरचा भाग दगड-दगड करून प्लिमथच्या ‘हो’ या समुद्राकाठच्या टेकाडावर पुन्हा उभारला. 1884पासून तो लोकांना खुला आहे. जिने चढून जाता येतं. खालचा भरीव भाग मात्र खडकाला इतका घट्ट धरून होता, की तो काढण्याच्या भानगडीत कोणी पडलं नाही. तोच तुमच्या फोटोतला बुंधा.

आणि तुम्ही विचारलं नाहीत, पण फोटोत खटकलं असेल म्हणून सांगतो : दिव्याच्या डोक्यावरचा सपाट मजला डग्लसचा नव्हे. हेलिकॉप्टर उतरवण्यासाठी तो 1980मध्ये बसवला. दोन वर्षांत दीपगृह स्वयंचलित झालं.