हॉटेलात गाणं सुरू करताय? आधी आवाज सांभाळा

हॉटेलात गिऱ्हाइकांसमोर कलाकाराचं गाणं ठेवायची कल्पना छान आहे, बिनधास्त करा. फक्त पहिल्याच दिवशी पाच जणांचा बँड बोलावू नका. एक गायक आणि एक गिटार पुरे.

खरी गोम आवाजात आहे. साधं बोलणं साधारण 60 डेसिबलचं असतं. गाणं त्याच्या फार वर गेलं की लोक ओरडून बोलतात, मग कलाकार आवाज वाढवतो, आणि बिल मागवून टेबलं रिकामी होतात. मीही सुरुवातीला मोठा स्पीकर पहिल्या टेबलाच्या कानाशी ठेवला होता! स्पीकर कानांच्या वर, गिऱ्हाइकांपासून लांब ठेवा. साउंड चेक, म्हणजे आवाजाची चाचणी, दार उघडण्याआधी उरका. रिकाम्या खोलीत आवाज जास्त घुमतो, त्यामुळे लोक आल्यावर पुन्हा ऐका, तेही सर्वांत लांबच्या टेबलावर बसून.

बाकी थोडक्यात:

- गर्दीचा वार नको, मंद वार निवडा. तोच वार किमान दोन महिने धरा.
- 45 मिनिटं गाणं, 15 मिनिटं विश्रांती.
- मानधन आधी ठरवा. ‘तुमची प्रसिद्धी होईल’ हे मानधन नव्हे.
- गाण्यांच्या हक्कांचा परवाना आणि आवाजाची वेळमर्यादा आधीच तपासा.

मिक्सर (माइक-गिटारचे आवाज जुळवायचं यंत्र), लाइट वगैरे नंतर बघू.