लाइन गेल्यावर डिकँटर पुन्हा चालू केला की थरथरतो, केकही ओला पडतो. बेअरिंग गेलं का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की गोंदियाकडे कनकीवर (तुटक्या तांदळावर) चालणाऱ्या डिस्टिलरीत तुम्ही नवीन ऑपरेटर आहात. लाइन गेली की स्पेंट वॉशचा (दारू काढल्यावर उरलेल्या गाळपाण्याचा) डिकँटर, म्हणजे जोरात फिरून त्यातला गाळ केक म्हणून वेगळा काढणारं यंत्र, भरलेलाच थांबतो आणि परत लावला की हादरून व्हायब्रेशनवर ट्रिप होतो. मेंटेनन्सवाले म्हणतात बेअरिंग बदला. मी भंडाऱ्याकडे याच कामात आहे. माझं स्पष्ट मत आहे की बेअरिंगला हात लावण्याआधी तो आतून नीट धुवा आणि नुसत्या पाण्यावर चालवून पाहा. पाण्यावर शांत चालला तर बेअरिंग बरं आहे, दोष आत राहिलेल्या केकचा आहे. पाण्यावरही हादरला तरच बेअरिंग, बेल्ट, फाउंडेशनचे रबर आणि बोल्ट यांच्यामागे लागा.

लाइन गेल्यावर आत काय होतं ते नीट समजून घ्या, कारण तुमचं सगळं दुखणं तिथंच आहे. बाउल (बाहेरचं फिरणारं पिंप) आणि स्क्रोल (आतला केक ढकलणारा स्क्रू) एकाच दिशेनं फिरतात, दोघांच्या वेगात फक्त थोडा फरक असतो. समजा बाउल ३,२०० आरपीएमवर आहे, बॅकड्राइव्हनं (स्क्रोलचा वेग सांभाळणाऱ्या दुसऱ्या मोटरनं) गिअरबॉक्सचा पिनियन, म्हणजे आतला छोटा शाफ्ट, २,०६० वर धरून ठेवलाय आणि गिअरबॉक्सचं गुणोत्तर ५७ आहे. मधला फरक १,१४०, त्याला ५७ नं भागलं की २० आरपीएम. या विसाच्या जोरावरच केक बाउलच्या निमुळत्या टोकाकडे सरकतो आणि बाहेर पडतो. लाइन गेली की पिनियनला धरून ठेवणारं काही उरत नाही. तो बाउलबरोबर फिरायला लागतो आणि फरक जवळजवळ शून्यावर येतो. बाउल मात्र जड असल्यामुळे बराच वेळ फिरतच राहतो. म्हणजे माल भिंतीवर दाबला जातोय, पण बाहेर निघत नाही. वेग उतरला की पाण्याचं कडं मोडतं, केकचे गोळे सुटून खालच्या बाजूला बसतात आणि थंड होऊन तिथंच घट्ट होतात.

आता हाच बाउल तुम्ही परत पूर्ण वेगावर नेता. ४०० मिलिमीटर व्यासाच्या बाउलमध्ये ३,२०० आरपीएमला भिंतीपाशी गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २,३०० पट जोर असतो. एका बाजूला अर्धा किलो केक चिकटून राहिला तरी तो हजार किलोच्या वर ओढ देतो. हे असंच चालू ठेवलं तर चांगलं बेअरिंगही जाईल, आणि मग मेंटेनन्सवाल्यांचं म्हणणं खरं ठरेल.

म्हणून लाइन गेली की पहिलं काम फीडचा व्हॉल्व्ह बंद करायचं आणि फ्लशिंगचं पाणी सोडायचं. हे पाणी पंपावर अवलंबून असेल तर लाइनबरोबर तेही जाईल. म्हणून उंचावरच्या टाकीतून उताराची वेगळी पाइपलाइन मागून घ्या. आमच्याकडे ती आहे, आणि जनरेटर येईपर्यंत तिचाच आधार असतो. धुण्याचा खरा फायदा वेग अगदी उतरल्यावर मिळतो, कारण तेव्हा पाणी भिंतीला चिकटून न राहता आत घुसळतं आणि कोपरे साफ करतं. बाउल थांबला की मात्र पाणी लगेच बंद करा, नाही तर ते केकच्या तोंडातून बाहेर येतं आणि सीलवाटे बेअरिंगकडे जातं.

परत चालू करायच्या आधी मेन स्विच काढा, कुलूप लावा आणि बाउल पूर्ण थांबलाय याची खात्री करा. मग पुलीनं हातानं फिरवून पाहा. सहज फिरला तर ठीक. स्क्रोल अडकला असेल तर गिअरबॉक्सचा पिनियन शाफ्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या दिशेनं हातानं फिरवून केक मोकळा करा. मोटरच्या जोरावर सोडवायला जाऊ नका, टॉर्क (फिरवण्याचा ताण) आधी गिअरबॉक्सवर येतो. नंतर कमी वेगावर पाणी, मग पूर्ण वेग, मग स्क्रोलचा फरक, आणि शेवटी फीड हळूहळू. रोज बंद करतानाही हाच क्रम उलटा. पाणी स्वच्छ यायला लागल्याशिवाय बंदचं बटण दाबायचं नाही, शिफ्ट संपत आली असली तरी नाही.

ओल्या केकचं कारण वेगळं आहे. मूठभर केक दाबा. बोटांमधून पाणी गळलं तर स्क्रोलचा फरक एकेक आरपीएमनं कमी करा आणि टॉर्कवर लक्ष ठेवा. केक आत जास्त वेळ राहिला की सुकतो, पण टॉर्क चढतो आणि एका हद्दीनंतर थिन स्लॉप (केक काढल्यावर उरलेलं पातळ पाणी) गढूळ यायला लागतो. तो गढूळपणा पुढे इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत बसतो, त्यामुळे फक्त केक पाहून खूष होऊ नका. दर तासाला थिन स्लॉप टेस्ट ट्यूबमध्ये फिरवून खाली किती गाळ बसतो ते लिहून ठेवा. तरीही जमलं नाही तर वेअर प्लेट, म्हणजे बाउलमधल्या पाण्याची पातळी ठरवणाऱ्या पट्ट्या, पाहा. सगळ्या एकाच नंबरवर हव्यात, एक जरी बाकीच्यांपेक्षा बाहेर राहिली तर पाणी तिथूनच पळतं आणि बाकीच्यांचा उपयोग राहत नाही. प्लेट मध्यापासून बाहेर घेतली की केक सुकतो आणि पाणी गढुळतं, आत घेतली की उलट.

कनकीबद्दल एक सांगतो, कारण आपल्या भागात हे फार होतं. राइस मिलमधून येणाऱ्या कनकीत तूस (भाताचं टरफल) आणि बारीक खडे असतात. तुसात सिलिका (वाळूसारखं कडक खनिज) भरपूर, ती स्क्रोलच्या कडा आणि केक बाहेर पडायची बुशिंग खाते. कडा झिजल्या की स्क्रोल आणि बाउलमधली फट वाढते, केक मागे राहतो आणि तुमचं व्हायब्रेशन परत सुरू. साफसफाईसाठी उघडाल तेव्हा कडांवरच्या टंगस्टन कार्बाइडच्या टाइल्स टॉर्च लावून मोजा. एक जरी निघाली असेल तर लगेच कळवा, कारण तिथून पुढचा पोलाद फार भराभर जातो.

ग्रीस वाढवलं की बेअरिंग थंड राहील असं समजू नका. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतं आणि जास्त ग्रीस भरल्यानं तापमान आणखी चढतं. मॅन्युअलमध्ये जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढेच द्या. पॉलियुरिया आणि लिथियम ग्रीस एकत्र करू नका. ड्राइव्हच्या पॅनेलचा एसी आणि जाळी मार्चमध्येच साफ करून घ्या, नाही तर दुपारी पॅनेल गरम होऊन ट्रिप होईल आणि तुमचा डिकँटर परत भरलेलाच थांबेल.

बाउल बाहेर पाठवावा लागलाच तर त्यावरच्या जुळणीच्या खुणा बघून भाग तसेच बसवा. दुसऱ्या डिकँटरचा हब किंवा बोल्ट लावू नका, सगळे भाग एकत्र बॅलन्स केलेले असतात.