भीमाकाठचे शेत, जुनी नाणी आणि मेटल डिटेक्टर

प्रश्न : आमचे शेत मंगळवेढा तालुक्यात माचणूरजवळ भीमेच्या काठाला आहे. नांगरटीच्या वेळी अधूनमधून तांब्याची जुनी नाणी आणि शिशाच्या गोळ्या वर येतात. इंग्लंडमध्ये लोक मेटल डिटेक्टर घेऊन शेतांतून पुरातन वस्तू शोधतात, ते व्हिडिओ पाहून माझा पुतण्या असे यंत्र आणण्याचा आग्रह धरतो आहे. शेत आमच्या मालकीचे असल्याने त्यात शोध घ्यायला आणि सापडेल ते ठेवून घ्यायला काही अडचण आहे का?
– एक शेतकरी वाचक, मंगळवेढा तालुका

उत्तर : अडचण आहे, आणि ती केवळ कायद्याची नाही. तरीही कायद्यापासूनच सुरुवात करतो, कारण ‘शेत माझे म्हणजे त्यातले धन माझे’ हा समज आपल्याकडे सर्वत्र आढळतो. १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम आजही लागू आहे. त्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मूल्याची वस्तू सापडल्यास ती काय आहे, कोठे व कोणत्या तारखेला सापडली, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवून ती सरकारी कोषागारात जमा करावी लागते किंवा तिच्याबद्दल जामीन द्यावा लागतो. माहिती दडवल्यास सापडणाऱ्याचा हक्क जातो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. उत्खननाचे नियम तर याहून कडक आहेत. १९५८ च्या प्राचीन स्मारकांविषयीच्या केंद्रीय कायद्यानुसार, संरक्षित नसलेल्या जागेवरही पुरातत्त्वीय उत्खनन करण्यासाठी किंवा ते दुसऱ्या कोणाला करू देण्यासाठी खुद्द राज्य सरकारला केंद्राची पूर्वमान्यता घ्यावी लागते. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यासारख्या संरक्षित वास्तूच्या आवारात खोदण्याचा विचारही करू नये. इंग्लंडमध्ये हा छंद चालतो, कारण तेथे १९९६ चा निधी कायदा आणि सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणारी देशव्यापी योजना आहे. संरक्षित स्थळांवर परवानगीशिवाय यंत्र फिरवणे तेथेही गुन्हाच आहे.

आता यंत्राविषयी. त्यातील एका वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारा वीजप्रवाह चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. जमिनीतील धातूत त्यामुळे भोवरी प्रवाह उमटतात आणि त्या प्रवाहांचे क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंत कळते, त्याहून खोल क्वचितच. आपल्याकडील काळी माती बेसाल्टपासून झालेली असून तिच्यातील लोहयुक्त खनिजे यंत्राला फसवतात, त्यामुळे मातीनुसार ते जुळवून घेतले नाही तर रिकाम्या जागीही ते वाजत राहते. वीस फुटांवरचे सोने दाखवतो असे सांगून यंत्र विकणारा माणूस फसवणूक करतो आहे, हे निःसंशय समजावे. अशा यंत्रांच्या पाठोपाठ गुप्तधन काढून देणारे मांत्रिकही येतात. गुप्तधनाच्या शोधासाठी अमानुष, अघोरी कृत्ये करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

परंतु मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते पुढेच आहे. आपले शेत ज्या परिसरात आहे, तेथे ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी १६९५ पासून १६९९ पर्यंत होती. बादशहाची छावणी म्हणजे एक फिरते शहरच असे. त्याच्या खुणा घोड्यांचे नाल, खिळे, शिशाच्या गोळ्या आणि हातून निसटलेली नाणी यांच्या रूपाने मातीत विखुरतात. त्यांपैकी नाण्याला बाजारात थोडीफार किंमत येते आणि गोळीला काहीच येत नाही, म्हणून हौशी शोधक गोळी फेकून देतो. अभ्यासकाला मात्र दोन्ही सारखीच हवी असतात, कारण कोणती वस्तू नेमकी कोठे पडली होती यावरूनच छावणीची हद्द, बाजार आणि घोडदळाचे तळ ओळखता येतील. अमेरिकेत लिटल बिगहॉर्न येथे १८७६ साली झालेल्या लढाईच्या मैदानावर १९८४ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी मेटल डिटेक्टरच वापरले. प्रत्येक गोळीच्या आणि काडतुसाच्या जागी खूण करून त्यांनी नकाशा तयार केला आणि काडतुसांवरील ठशांवरून एकेक बंदूक मैदानात कोठून कोठे गेली, हेही काढले. वस्तू आधीच उचलून नेल्या असत्या, तर यातले काहीच साधले नसते. म्हणून यंत्र वाईट आहे असे मी म्हणणार नाही. नोंदीशिवाय उचलणे वाईट आहे, आणि ते नुकसान पुढे कोणत्याही पैशाने भरून निघत नाही.

नांगराने उलथलेल्या थरातील वस्तूंची खोली बदललेली असते, तरी जागा फारशी बदललेली नसते. त्यामुळे नांगराला जे आपोआप वर येते, त्याची जागा गट क्रमांकासह आणि बांधापासूनच्या अंतरासह वहीत लिहावी, जमिनीवर असतानाच फोटो काढावा, आणि गोळ्या व नाणी वेगवेगळ्या कागदी पाकिटांत ठेवून तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठातील पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना वही दाखवल्यास त्या शेताची रीतसर पाहणी व्हावी, यासाठी पुढचा मार्ग विचारता येईल. पुतण्याला खरोखर आवड असेल, तर अशा पाहणीत मदतनीस म्हणून शिकण्याची संधी त्याने अवश्य मागावी. हत्तरसंग कुडलचा शके ९४० मधील मराठी शिलालेख सोलापूरचेच अभ्यासक आनंद कुंभार यांच्या नजरेला पडला. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या वस्तू जपून ठेवल्या आणि त्या संग्रहातून तेथील वस्तुसंग्रहालय उभे राहिले. आपल्या भागातल्या जाणत्या माणसांनी हे काम कोणतेही यंत्र हातात नसताना केलेले आहे.

प्रश्न : शहरातील आमचा जुना वाडा पाडताना गवंड्याला भिंतीत चांदीच्या नाण्यांची लोटी सापडली. हीसुद्धा कळवावी लागते का? नाणी काळी पडली आहेत, ती चिंचेने घासून स्वच्छ करावीत का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : कळवावी लागते, कारण कायद्यातील व्याख्येत जमिनीला जोडलेल्या बांधकामात दडलेली वस्तूही येते. आपल्या पूर्वजांनीच ती ठेवली होती असे आपले म्हणणे असेल, तर ते जिल्हाधिकाऱ्यांपुढे पुराव्यानिशी मांडावे. मूळ मालक ठरला नाही आणि वेगळा करारही नसेल, तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागेच्या मालकाला एक चतुर्थांश वाटा मिळतो. येथे सापडणारा म्हणजे तो गवंडी आहे, हे ध्यानात ठेवून त्याचे नाव अर्जात स्पष्ट लिहावे. शासनाला नाणी संग्रहासाठी हवी असल्यास धातूची किंमत आणि तिचा पाचवा हिस्सा अधिक देऊन ती घेता येतात. चिंच, राख किंवा लिंबू मात्र मुळीच लावू नये. त्यांनी काळा थर निघतो, तसे टांकसाळीचे नाव व वर्ष सांगणारी बारीक अक्षरेही झिजतात. औरंगजेबाच्या काळात सोलापुरातही टांकसाळ होती, तेव्हा त्या अक्षरांत आपल्याच शहराचे नाव असण्याचा संभव आहे. लोटी जशी आहे तशीच, आतल्या मातीसकट, कोरड्या जागी ठेवावी.